पावसाळ्यानंतरचा पहिला तास: थेरपी रायडिंग शिकवणाऱ्याने हात आणि प्रमाणपत्र कसं टिकवायचं?

माहुलीची पागा · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण गेल्या रविवारपासून एक गोष्ट मनातून जात नाही.

मी साताऱ्याजवळ, संगम माहुलीच्या बाजूला, भाड्याच्या शेतावर चार घोड्यांवर विशेष मुलांना रायडिंग शिकवते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), डाउन सिंड्रोम, स्वमग्नता अशी मुलं येतात. सहा वर्षं झाली. प्रमाणपत्र पाथ इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेचं आहे. १९६९ साली ती नार्हा नावाने सुरू झाली आणि २०११ मध्ये नाव बदललं. सभासदत्व चालू ठेवणं, निरंतर शिक्षणाचे तास भरणं, प्रथमोपचार आणि सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचं) कार्ड मुदतीत ठेवणं, हे सगळं मी वेळेवर करते. कागदावर माझ्यात काही उणं नाही.

पण आमची जमीन काळी आहे. जूनमध्ये पाऊस धरला की रिंगणात घोड्याचे खूर रुततात आणि बाजूने चालणाऱ्यांचे बूट मातीत राहतात. वर पत्रा आणि खाली वाळू टाकण्याइतके पैसे नाहीत. त्यामुळे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत शिकवणं बंद. त्या काळात मी वेबिनार बघते, लेख वाचते, तास भरते.

रविवारी पहिला वर्ग घेतला. आठ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, डावी बाजू कमजोर. दोन्ही बाजूंना साइडवॉकर, म्हणजे घोड्याच्या बाजूने चालत मुलाला धरणारे, पुढे लगाम धरलेला मोतद्दार. वीस मिनिटांनी साइडवॉकर बदलायचे होते. नियम सोपा आहे: घोडा थांबवायचा, एका बाजूचा माणूस बदलायचा, त्याचा हात मुलाच्या मांडीवर नीट बसला की मगच दुसऱ्या बाजूचा. त्या दिवशी दोघांनी एकदम हात काढले. मूल डावीकडे कललं. मोतद्दाराने खांद्याने आधार दिला म्हणून काही झालं नाही. मुलगा हसत होता, त्याला ती गंमत वाटली.

मला ते दिसलं, पण उशिरा. जूनमध्ये मी तो हात सुटायच्या आधीच ओरडले असते. मग चार महिने मी जे तास भरले त्यांनी नेमकं काय टिकवलं?

ज्यांना मुलांचा, घोड्यांचा किंवा दोन्हींचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा. वर्ग बंद असताना तुम्ही हात कसा चालू ठेवता?

मिरजेची फिजिओ · शनिवार, रात्री १०.२५

ताई, आधी हे सांगते की तुम्ही उघडपणे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या क्षेत्रातही "थोडक्यात वाचलं" असे प्रसंग नोंदवहीत येत नाहीत आणि त्यातून कुणी शिकत नाही.

वाचणाऱ्यांसाठी एक फरक स्पष्ट करते. घोड्याच्या चालीचा उपयोग करून फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट उपचार करतो, ती हिप्पोथेरपी. ताई करतात ते थेरपी रायडिंग, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलाला घोडेस्वारी शिकवणं. फायदे एकमेकांत मिसळतात, जबाबदाऱ्या मिसळू नयेत. घोडा कदम चालीत चालतो तेव्हा त्याच्या पाठीमुळे बसलेल्या मुलाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी गोल फिरते, जवळपास आपण चालताना फिरते तशीच. ज्या मुलाने कधी स्वतंत्र पाऊल टाकलेलं नाही त्याला चालण्याची ही लय कमरेतून मिळते. म्हणून शिकवणाऱ्याची नजर मुलाच्या चेहऱ्याइतकीच कमरेवर हवी.

आणि नजर वेबिनारने राहत नाही. माझा उपाय सांगते. जुन्या वर्गांचे व्हिडिओ काढा, आवाज बंद करा आणि फक्त एकच गोष्ट बघा. एकदा फक्त कंबर. एकदा फक्त टाचा. एकदा फक्त साइडवॉकरचे हात. दहा मिनिटांच्या व्हिडिओला तास लागतो. मी स्वतः विद्यार्थ्यांना चाल बघायला अशीच शिकवते.

दुसरं, पावसाळ्यानंतर प्रत्येक मुलाचा वैद्यकीय फॉर्म नव्याने भरून घेता का? चार महिन्यांत औषधं बदलतात, फिट येऊन गेलेली असते, खुबा सरकू लागलेला असतो. डाउन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात. त्यांची डॉक्टरांकडून दरवर्षी तपासणी हवीच. मान दुखणं, चाल बदलणं, हातातला जोर कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्या मुलाला घोड्यावर बसवायचं नाही, आधी डॉक्टर.

टेबललँडचा घोडेवाला · शनिवार, रात्री ११.१०

ताई, राग मानू नका, पण कागदाचं एवढं काय घेऊन बसलात? आमच्या तीन पिढ्या पाचगणीला घोड्यामागं गेल्या. आज्याला सही करता येत नव्हती, पण घोडं बुजायच्या आधी त्याला कळायचं. कान कुठं फिरला, कातडी कुठं थरारली, शेपूट कशी धरली, सगळं घोडं बोलतं. हे कुठल्या परीक्षेत येतं?

मला तुमच्या प्रसंगात एक विचारायचंय. पोरगं कललं तेव्हा घोडं काय करत होतं? ते उभं राहिलं म्हणून पोरगं वाचलं. तुम्ही मोतद्दाराचं नाव घेतलं, घोड्याचं घेतलं नाही.

चार महिने तुमचा हात गेला तसा घोड्याचाही जातो. आमचंपण पावसात काम बंद असतं. पाऊस संपल्यावर आम्ही आठ-दहा दिवस घोडं मोकळं चालवतो, मग वर खोगीर टाकून, मग आमच्यातला कुणी बसतो. गिऱ्हाईक त्यानंतर. तुमच्याकडं तर पोरगं वाकडं बसणार, एका बाजूला वजन टाकणार, मधेच किंचाळणार. मग घोड्याला ते आधी मोठ्या माणसानं करून दाखवायला नको का? मुद्दाम एका कुशीला बसा, पाय हलवा, चेंडू टाका. घोडं काय करतंय ते बघा. त्यात तुमचीपण मांड राहते. तुम्ही स्वतः घोड्यावर कधी बसलात शेवटचं?

माहुलीची पागा · रविवार, सकाळी ६.५०

घोडेवाले दादा, राग कसला? तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. मे महिन्यात. पाच महिने झाले. दिवसभर घोड्यांत असते, खरारा करते, चंदी घालते, खूर साफ करते, पण पाठीवर बसलेली नाही.

त्या रविवारचा घोडा भीमथडी या दख्खनी जातीच्या वळणाचा आहे, माणदेशातल्या एका धनगर कुटुंबाकडून घेतलेला. वर्षानुवर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेला. तो तसूभरही हलला नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

मिरजेच्या ताई, फॉर्म वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये भरून घेते. पावसाळ्यानंतर नाही. हे बदलते.

अपशिंगेकर · रविवार, सकाळी ८.१५

सैन्यात घोड्यांबरोबर बावीस वर्षं काढली, आता गावी असतो. घोडेवाले दादांच्या आज्यांना माझा नमस्कार, पण कागदाबद्दल वेगळं मत मांडतो. कागद शहाणपण देत नाही, हे मान्य. पण कागदामुळे माणसाला दर ठराविक मुदतीने दुसऱ्यासमोर उभं राहावं लागतं. जो वीस वर्षं एकटाच काम करतो त्याला आपल्या चुकीच्या सवयी दिसत नाहीत, कारण त्या त्याच्याच डोळ्यांत असतात.

कौशल्य राहतं ते कवायतीने. आणि कवायतीला रिंगण लागत नाही. आणीबाणीत मुलाला उतरवण्याची कवायत घ्या: तुमचा एकच ठरलेला शब्द, मोतद्दार घोडा थांबवून समोर उभा, एका बाजूचा माणूस रिकिबीतून पाय सोडवतो, दुसरा मुलाला कवेत घेऊन स्वतःच्या बाजूला उतरवतो आणि घोड्यापासून दूर जातो. हे गोठ्याच्या पत्र्याखाली दोन ड्रम, त्यावर बांधलेली गादी आणि पोत्याचं बाहुलं घेऊन होतं. बाहुल्यात वीस किलो वाळू भरा. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच वेळा. पावसाळा असो नसो. साइडवॉकरची अदलाबदल याच ड्रमवर शंभर वेळा झाली असती तर रविवारी दोघांचे हात एकदम सुटले नसते.

सीपीआरचं कार्ड दोन वर्षं चालतं, पण हात सहा महिन्यांत विसरतात, हे मी जवानांत पाहिलंय. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास. उशीवर करून बघा आणि मोबाइलवर वेळ लावा. बहुतेक जण दमले की दाब उथळ होतात.

स्वतःसाठी: रिकिबीशिवाय बसून रोज पंधरा मिनिटं लाँजवर, म्हणजे दुसऱ्याने लांब दोरीवर घोडा गोल फिरवायचा. सुरुवातीला कदम, मग दुडकी. मांड आपोआप खोल जाते.

दोन मुलांचा बाबा, विश्रामबाग · रविवार, दुपारी १.३०

मी घोड्यातला नाही. सांगलीत राहतो, धाकट्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. हा धागा वाचताना छातीत धस्स झालं आणि बरंही वाटलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला एका ठिकाणी नेत होतो. गाव सांगत नाही. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं. तिसऱ्या महिन्यात मी जवळ जाऊन वाचलं, तर त्याची मुदत चार वर्षांपूर्वी संपली होती. शिकवणारे गृहस्थ वर्ग चालू असताना फोनवर बोलायचे. मुलीला सायकलचं हेल्मेट घालायचे. विचारलं तर म्हणाले, "आजवर काही झालेलं नाही." आम्ही बंद केलं. तिला मात्र घोडा फार आवडायचा, अजून चित्रात काढते.

माझा प्रश्न साधा आहे. भारतात या कामासाठी सरकारी परवाना असतो का? आणि माझ्यासारख्या माणसाने जागा पारखायची कशी?

विशेष शिक्षिका, कराड · रविवार, दुपारी ३.००

परवान्याचं मी सांगते. आम्हा विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याखाली. पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात. परिषदेच्या यादीत व्यावसायिकांचे सोळा वर्ग आहेत: विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरे. घोडेस्वारी शिकवणारा त्यात नाही. म्हणून ताईंसारखे लोक परदेशी संस्थांकडून प्रमाणपत्र घेतात.

माझ्या गुणांविषयी प्रामाणिकपणे लिहिते. काही कार्यशाळांना मी फक्त गुणांसाठी बसले आहे. ज्या कार्यशाळेत मला उभं करून शिकवायला लावलं, तीच लक्षात आहे. ताई, तुमच्या तासांमध्ये "मला कुणीतरी शिकवताना पाहिलं" असे किती आहेत?

आणखी एक. मुलासाठी प्रत्येक वर्गाचं उद्दिष्ट लिहून ठेवता का? "मजा आली" हे उद्दिष्ट नाही. "घोडा थांबलेला असताना दोन्ही हात सोडून दहा आकडे मोजेपर्यंत सरळ बसणं" हे उद्दिष्ट. लिहिलेलं असलं की चार महिन्यांनी मूल कुठे होतं ते आठवावं लागत नाही.

माहुलीची पागा · रविवार, रात्री ९.०५

विश्रामबागचे दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही बंद केलंत ते योग्यच केलंत.

पारखायचं असेल तर आधी मुलीशिवाय जा आणि एक पूर्ण वर्ग बाहेरून बघा. शिकवणारा कुठे बघतोय ते बघा. प्रमाणपत्राची तारीख वाचा, प्रथमोपचाराचं कार्डही मागा, त्यात संकोच करू नका. डॉक्टरांची सही असलेला फॉर्म न मागता कुणी पहिल्याच दिवशी मुलाला बसवत असेल तर परत या. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. सायकलचं हेल्मेट डोक्याचा मागचा भाग पुरेसा झाकत नाही आणि ते वेगळ्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. रिकिबी सुटणाऱ्या आहेत का विचारा, म्हणजे मूल पडलं तर पाय अडकून फरफटत जाणार नाही. आणि विचारा, "तुमच्याकडे शेवटची चूक कधी झाली?" ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याच्याकडे नोंदवहीही नसते.

वजनाचं विचारायला विसरू नका. मूल आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्याकडे घोडा तोलायला काटा नाही, टेपने काढते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले ११,८७७. माझ्या त्या घोड्याचा घेर १५० आणि लांबी १४८, म्हणजे साधारण २८० किलो. वीस टक्के ५६. खोगीर आणि गादी ६ किलो, मुलासाठी उरतात ५०.

हे लिहिताना उठून वही काढली. एक चौदा वर्षांचा मुलगा जूनमध्ये ४६ किलो होता. त्याला या हंगामात मी तोललेलंच नाही. उद्या तोलते.

कराडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एकही नाही. सहा वर्षांत परीक्षेनंतर मला कुणीही शिकवताना पाहिलेलं नाही.

टेबललँडचा घोडेवाला · सोमवार, सकाळी ७.२०

अपशिंगेकर काका, तुमचं पटलं. आज्याची नजर होती, पण आज्याला त्याचा बाप रोज बघत होता. ते मी विसरलो होतो.

ताई, मी येतो. बघायला दुसरा माणूस पाहिजे म्हणता ना? मला पोरांतलं कळत नाही, घोड्यातलं कळतं. तेवढं बघतो.

मिरजेची फिजिओ · सोमवार, सकाळी ८.४५

मीही येते. रविवारी चालेल. घोडेवाले दादा घोडा बघतील, मी मुलांच्या कमरा बघते आणि कुणीतरी ताईंवरच कॅमेरा धरा. सगळे मुलांवर धरतात.

बाबा, तुमच्या लेकीसाठी एक गोष्ट. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे झाले. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेत) रौप्यपदक मिळवलं, आणि १९५६ मध्ये पुन्हा. जगभर थेरपी रायडिंगच्या संस्था निघाल्या त्यामागे त्यांचं उदाहरण होतं. तिला चित्र काढायला सांगा.

कॉलेजची मुलगी, सातारा · सोमवार, रात्री १०.००

मी ताईंकडे वर्षभर साइडवॉकर म्हणून येते. त्या रविवारी उजव्या बाजूला मीच होते. मला वाटलं समोरच्याने धरलंय. घोड्याच्या पलीकडचं मला दिसत नाही. ताईंनी मला एक शब्दही रागाने बोलला नाही, पण मला झोप लागली नव्हती. ड्रमची कवायत घ्या ना ताई, आम्ही सगळे येऊ.

माहुलीची पागा · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०

उशिरा लिहितेय, क्षमा असावी.

बाळा, चूक तुझी नव्हती, आणि आता मला ती कुठे झाली ते कळलंय.

घोडेवाले दादा आणि मिरजेच्या ताई दोघेही आले. अपशिंगेकर काका तर त्याआधीच दोन ड्रम टेम्पोत घालून घेऊन आले. आमच्या कॉलेजच्या मुलीने माझ्यावर कॅमेरा धरला. रात्री आम्ही तो आवाज बंद करून पाहिला.

माझी नजर मंद झालीच नव्हती. मी चुकीच्या जागी उभी होते. रिंगणाच्या मधोमध थोडा उंचवटा आहे, पावसानंतर तेवढीच जागा कोरडी असते. मी तिथे उभी राहून शिकवत होते. घोडा माझ्याभोवती गोल फिरतो तेव्हा बाहेरच्या बाजूचा साइडवॉकर घोड्याच्या अंगाआड जातो. त्याचे हात मला पूर्ण फेरीत एकदाही दिसत नाहीत. मे महिन्यातला जुना व्हिडिओ लावला, तर मी सारखी चालतेय. घोड्याच्या पुढे तिरकी, मग मागे, मग कोपऱ्यातून समोर. जून ते सप्टेंबर चालणं बंद झालं आणि ऑक्टोबरमध्ये चिखल चुकवायला मी थांबले ती थांबलेच. कुठल्या वेबिनारमध्ये हे मला कुणी सांगू शकलं नसतं.

घोडेवाले दादांनी दुसऱ्या घोडीचं एक दाखवलं. उजव्या वळणावर ती मान आत घेत नाही आणि कान मागे टाकते. हात फिरवला तर खोगिराच्या मागे पाठ दुखत होती. तिला पंधरा दिवस सुट्टी दिली, डॉक्टर बघून गेले. दादा पैसे घेईनात, मग जेवून गेले.

मिरजेच्या ताईंनी एका मुलीच्या पालकांना खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला आहे. तोवर ती खालीच, घोड्याला खरारा करते. त्यातही खांदा आणि बोटं चालतात, आणि ती नाराज नाही. चौदा वर्षांच्या मुलाचं वजन ५१ भरलं. त्याला मोठ्या घोड्यावर हलवलं. जुना घोडा सोडताना तो रडला, म्हणून वर्गाच्या आधी दहा मिनिटं तोच त्याला चारा घालतो.

मी रोज सकाळी पंधरा मिनिटं रिकिबीशिवाय बसते. पहिला आठवडा मांड्या भरून आल्या होत्या. वहीत आता तीन रकाने आहेत: मुलाचं उद्दिष्ट, घोड्याचं वागणं आणि "आज थोडक्यात वाचलं ते". तिसरा रकाना आम्ही पाचही जण भरतो. प्रमाणपत्राचे तास मी पूर्वीसारखेच भरणार, ते सोडायचे नाहीत. पण पुढच्या जूनपासून दर महिन्याला पत्र्याखाली एक दिवस दुसऱ्या कुणासमोर ड्रमवर शिकवायचं, हे कराडच्या ताईंबरोबर ठरलंय. त्यांचा तास मी बघायचा, माझा त्यांनी.

आणि तो आठ वर्षांचा मुलगा. त्यालाही ड्रमवर बसवून अदलाबदल शिकवली, कारण पाठीवर तो असतो, त्याला माहीत हवं. आज बदलायची वेळ आली तेव्हा मी काही बोलायच्या आत त्याने उजवा हात वर केला आणि मोतद्दाराला म्हणाला, "थांब. आधी एक."

पुढची कवायत रविवारी सकाळी ७ वाजता. बंद बूट घालून या, चप्पल नको. विश्रामबागचे दादा, तुम्हीही या, लेकीला घेऊन. पहिल्या दिवशी ती फक्त बघेल.

दोन मुलांचा बाबा, विश्रामबाग · रविवार, रात्री ९.१५

येतो. डॉक्टरांचा फॉर्म इथेच पाठवाल का, सही करून आणतो.